पेरावे की थांबावे?

मृग लागला. उन्हाने भाजून निघालेल्या रानावर पहिली सर पडली. तुळजापूरच्या आसपास घरोघरी तिफणी बाहेर निघाल्या. कोणी ट्रॅक्टरवाल्याला निरोप धाडला. सोयाबीनच्या पिशव्या घरात येऊन पडल्याच आहेत.

मुलगा म्हणतो, "आबा, पेरून घेऊ. शेजारच्यांचं आज उरकतंय."

आबा म्हणतात, "थांब लेका. अजून वीतभर ओल गेली नाही."

दोघांचेही म्हणणे खरे आहे. उशीर झाला तर पीक कमी येते. घाई केली आणि पावसाने दडी मारली तर बी मातीतच करपते. मातीत गेलेले बी वेचून पुन्हा पिशवीत भरता येत नाही. मग दुबार पेरणी आली. तिच्यामागून उसनवारी आली, सावकारही आला. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न बांधावरचा आहे. पण याच जातीच्या प्रश्नाचा हिशोब मांडून एका माणसाने जगभर नाव मिळवले आहे. तो माणूस शेतकरी नाही. तो मुंबईत जन्मला आणि परदेशात प्राध्यापक झाला. त्यांचे नाव अविनाश कमलाकर दीक्षित. त्यांचा विषय अर्थशास्त्र.

अर्थशास्त्र म्हणजे नुसती पैशांची मोजदाद नव्हे बरं का! जवळ साधने थोडी असतात आणि गरजा पुष्कळ असतात. अशा वेळी माणूस काय घेतो, काय सोडतो, बाजारात भाव कसे ठरतात, याचा विचार म्हणजे अर्थशास्त्र. त्या अर्थाने घर चालवणारी प्रत्येक बाई अर्थशास्त्र जाणते. प्राध्यापक तेच गणिताने मांडतात.

दीक्षितांचा जन्म १९४४ सालचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते गणित आणि पदार्थविज्ञान शिकले. १९६३ साली त्यांनी पदवी घेतली. पुढे विलायतेत केंब्रिजला गेले. तिथेही विषय गणितच. १९६५ साली ती पदवी मिळाली. नंतर अमेरिकेतल्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेत ते अर्थशास्त्राकडे वळले आणि १९६८ साली डॉक्टर झाले. म्हणजे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, विद्येतले. गणित त्यांनी सोडले नाही. ते बाजाराच्या कामाला लावले.

नंतर ते गावोगाव शिकवत फिरले. अमेरिकेत बर्कले, मग विलायतेत ऑक्सफर्ड आणि वॉरिक. १९८१ साली ते अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आले आणि तिथे स्थिरावले. २०१० साली निवृत्त झाले. २००८ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. बाहेर देशातून आलेल्या माणसाला तिथल्या लोकांनी हा मान दिला. भारत सरकारने २०१६ साली त्यांना पद्मविभूषण दिले.

त्यांचे एक काम जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या जोडीने झाले. ते १९७७ साली छापले गेले. ते समजायला सोलापूरची चादर बघा. मागावर नवी नक्षी काढायची तर आधी तिच्यासाठी पुठ्ठ्यांना भोके पाडून घ्यावी लागतात. हा खर्च एकदाच होतो. मग दहा चादरी विणा की हजार विणा. सगळ्यांनी एकच नक्षी घेतली तर हा खर्च पुष्कळ चादरींवर वाटला जातो आणि चादर स्वस्त पडते. पण लोकांना निरनिराळ्या नक्ष्या हव्यात! मग स्वस्ताई किती आणि निवड किती? हा मेळ या दोघांनी गणितात बसवला. पुढे पॉल क्रुगमन यांनी तेच गणित वापरून देशादेशांतला व्यापार समजावला. त्या कामासाठी क्रुगमन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या पेरणीकडे वळू. १९९४ साली दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक या दोघांनी एक जाड ग्रंथ लिहिला. उद्या काय होईल ते ठाऊक नसताना पैसा गुंतवावा कसा, हा त्याचा विषय. ग्रंथात कारखान्यांची आणि खाणींची बोलणी आहेत, सोयाबीनची नाहीत. पण हिशोब आपल्याला लागू पडतो.

आपण सोपे आकडे धरू. बी, खत आणि पेरणी यांचा खर्च १०,००० रुपये. पाऊस टिकला तर ३०,००० रुपयांचे पीक येते. नाही टिकला तर काहीच येत नाही. दहा सालांपैकी पाच साली पाऊस टिकतो आणि पाच साली दडी मारतो, असे समजा.

जो पहिल्या सरीलाच पेरतो त्याला पाच साली वीस-वीस हजार सुटतात, म्हणजे १,००,००० रुपये. पाच साली दहा-दहा हजार बुडतात, म्हणजे ५०,००० रुपये. दहा सालांत हाती राहिले ५०,०००. मुलगा म्हणेल, "बघा आबा, फायदाच आहे!"

आबा आठ दिवस थांबतात. उशिरामुळे पीक ३०,००० ऐवजी २७,००० चे येते. पाच साली सतरा-सतरा हजार सुटले, म्हणजे ८५,०००. दडीच्या सालात त्यांनी पेरलेच नाही. बी घरात राहिले, बुडाले काही नाही. हाती राहिले ८५,०००. दुबार पेरणीचा खर्च तर आपण धरलाच नाही.

थांबण्याचे मोल दहा सालांत ३५,००० रुपये झाले. ते कोणी रोख देत नाही, म्हणून माणसाला दिसत नाही. दीक्षित आणि पिंडाइक यांनी ते मोजायची रीत नीट मांडून दिली. ही कल्पना त्यांच्या आधी इतरांनाही सुचली होती, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना तर केव्हाचीच ठाऊक होती.

मात्र नेहमीच थांबावे असे हे गणित सांगत नाही. आठ दिवसांच्या उशिराने पीक १८,००० वर येत असेल, तर आबांच्या हाती ४०,००० च राहतात. मग मुलाचे खरे! आणि परत फिरवता येणाऱ्या खर्चाला हे मोल फारसे लागत नाही. म्हैस घेतली आणि परवडली नाही तर थोडा तोटा सोसून बाजारात विकता येते. विंधन विहीर कोरडी लागली तर भोक कोण विकत घेणार?

दीक्षितांचे आणखी एक पुस्तक आहे. ते १९९१ साली बॅरी नेलबफ यांच्याबरोबर साध्या वाचकांसाठी लिहिलेले. त्यात मात्र उलटी गोष्ट भेटते. कधीकधी मागचा पूल स्वतःच जाळावा, असे त्यात आहे. आपल्याकडे सूर्याजीने सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट सांगतात, तसेच. मग खरे काय? वाट राखावी की दोर कापावे? माझ्या समजुतीने दोन्ही खरे. पाऊस तुमच्याकडे बघून पडत नाही. गनीम मात्र तुमच्याकडे बघून वागतो. तुम्ही माघार घेणार नाही हे त्याला कळले की त्याचा धीर सुटतो. ढगाला असा धाक घालता येत नाही.

तेव्हा पेरणीपुरते आबांचे ऐकू. कृषी खातेही सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. म्हणजे तीन ते चार इंच. हे घरी मोजता येते. वर-खाली सारख्या तोंडाचा एक डबा घ्या. तो झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर, सपाट ठेवा. रोज सकाळी त्यात पट्टी उभी धरून पाणी किती चढले ते बघा. आकडा वहीत तारखेसमोर लिहा आणि डबा रिकामा करा. चार-सहा दिवसांचे आकडे झाले की बेरीज करा आणि मग तिफणीला हात लावा.