घटस्फोट आणि पुनर्विवाह यांमधील काळ

विवाह मोडल्यानंतर चाळिशी-पन्नाशीत नवा सहचर शोधणे ही गोष्ट महाराष्ट्राला सर्वस्वी नवी नाही. अनेक जातींत काडीमोड आणि त्यानंतरचा पाट हे रूढीने मान्य होते. मात्र पाटाला पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा नसे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने घटस्फोटितांना पुनर्विवाहाचा हक्क दिला व रूढीनुसार होणारा घटस्फोटही कलम २९ अन्वये अबाधित राखला. प्रारंभी हुकूमनाम्यानंतर वर्षभर थांबावे लागे. १९७६ च्या दुरुस्तीने ती अट गेली. अपिलासंबंधीचे बंधन तेवढे राहिले.

खरी अडचण दोन विवाहांमधील काळाची आहे. प्रौढ वयातील निवड परिचयाशिवाय होत नाही. परंतु पोटगीवर जगणाऱ्या स्त्रीने शुचिता राखली नाही असे सिद्ध झाल्यास, कलम २५(३) प्रमाणे पूर्वीच्या पतीला पोटगीच्या हुकुमाविरुद्ध दाद मागता येते. मूळ कायद्यानुसार न्यायालयाला असा हुकूम रद्द करणे भागच होते; १९७६ पासून तो बदलावा की रद्द करावा, हे न्यायालयाच्या विवेकावर सोपविले आहे. निव्वळ परिचय हा अर्थातच दोष ठरत नाही. तथापि शेजाऱ्यांची साक्ष आणि एखादे पत्र यांतून कोणता अर्थ काढला जाईल, याची धास्ती ज्या स्त्रीला स्वतःची मिळकत नाही तिलाच अधिक. पोटगी घेणाऱ्या पतीलाही विवाहबाह्य संबंधाची अशीच अट आहे. पोटगी देणाऱ्याच्या वर्तनाला मात्र हे पोटकलम स्पर्श करीत नाही.