लासूरची पेरणी आणि सुमात्राजवळचे पाणी

मे सरत आला की लासूर स्टेशनच्या मोंढ्यात एकच विषय असतो: यंदा पाऊस कसा? सरकी किती लावायची, मक्याला किती रान ठेवायचे, बियाणे उधारीवर उचलायचे का, सगळे त्यावर ठरते. गंगापूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. समुद्राशी त्याचा रोजचा संबंध नाही. तरीही त्याच्या पावसाचा अंदाज बांधताना हवामानशास्त्रज्ञ आधी समुद्रच तपासतात.

हवा आठवड्या-दोन आठवड्यांत पालटते. पाणी मात्र कित्येक महिने ऊब धरून ठेवते. समुद्राचा वरचा अडीच-तीन मीटरचा थर एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्यात त्यावरचे सगळे वातावरण एक अंशाने तापते. म्हणूनच एप्रिलमध्ये चार महिन्यांच्या पावसाविषयी काही सांगण्याची सोय होते.

भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 सालची. 1904 मध्ये त्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदींतून मान्सूनशी जुळणारा एक मोठा हेलकावा शोधला. त्याचे प्रशांत महासागरातल्या एल निनोशी असलेले नाते याकोब ब्यर्कनेस यांनी 1969 मध्ये उलगडले.

पण 1997 ने सगळ्यांना कोड्यात टाकले. एल निनो, म्हणजे प्रशांताचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, सहसा मान्सूनला दुबळा करतो. त्या वर्षी तो अतिशय तीव्र होता, तरी देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. 1999 मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाटा यांनी हिंद महासागरातलाच एक खेळ समोर आणला: आफ्रिकेकडचे पाणी तापते, सुमात्राजवळचे थंडावते, आणि अशा वर्षी मान्सूनला अनेकदा बळ मिळते. या चौघांपैकी बी. एन. गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

पुण्याच्या याच संस्थेकडे 2012 पासून ‘मान्सून मिशन’चे काम आहे. त्यातल्या संगणकीय प्रारूपात समुद्र आणि हवा एकत्र चालतात. समुद्राचे चौकोन पाडायचे, खोलीनुसार थर करायचे आणि प्रत्येक कप्प्यातले तापमान, क्षारता, प्रवाह यांची समीकरणे पुढे सरकवत न्यायची. गणिताची सुरुवात मात्र खऱ्या मोजमापाने व्हावी लागते. ते काम आर्गो तरंगकांचे. हे यंत्र एरवी सुमारे हजार मीटर खोलीवर वाहत राहते. साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते, वर येताना पाणी मोजते आणि उपग्रहाला आकडे देते. भारतात ही माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडे जमा होते. मच्छीमारांना मासळीच्या पट्ट्यांचा आणि उंच लाटांचा सल्ला देणारी संस्थाही हीच.

हे सगळे कितपत उपयोगी पडते? 2023 च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने सरासरीच्या 96 टक्के पावसाचा अंदाज दिला, झाला 94. 2024 मध्ये अंदाज 106 चा होता, पडला 108. देशपातळीवर ही कामगिरी दाद देण्याजोगी आहे.

शेताच्या बांधावर हिशेब वेगळा. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबरने तूट काहीशी भरून काढली. हंगामाची बेरीज सावरली. पण ऐन वाढीच्या दिवसांत पडलेली उघडीप कोरडवाहू पिकाला त्या बेरजेने भरून मिळत नाही. म्हणून शेतकऱ्याला एप्रिलच्या टक्केवारीइतकाच दर गुरुवारी निघणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज मोलाचा. दुबार पेरणीचे संकट टाळायचे तर पहिल्या सरींनंतर खंड पडणार का, हे आधी कळायला हवे. मे 2025 मध्ये पुण्याच्या संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली आणि अंदाजाचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 वर आला.

चौकोन लहान झाला तरी समुद्रातली मोजणी तुटता कामा नये. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था खोल पाण्यात नांगरून ठेवते त्या बोयांची मासेमारी बोटींकडून मोडतोड होते, आणि त्या ठिकाणची नोंद थांबते. त्या बोयांची राखण आणि गुरुवारचा अंदाज मोंढ्यापर्यंत मराठीत, वेळेवर पोहोचणे या दोन्ही कामांवर लासूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा सारखाच हक्क आहे.