जपानीची पहिली पायरी

फुलंब्रीच्या आमच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, आमचे मराठीतले लिंग अजून चुकते. मग गाडीवाटच्या मुलांना जपानी कशी जमली?" वर्ग हसला; पण प्रश्न खरा होता.

गाडीवाट हे आपल्याच जिल्ह्यातील लहानसे गाव. शहरापासून ते सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची, असे विचारले. मुलांना यंत्रमानवाचे वेड होते, म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना त्यांचे तास इंटरनेटवर झाले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांना शिकलेली मुले 'विषयमित्र' होऊन शिकवत.

मित्रांनो, जपानी भाषा आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. 'मी पाणी पितो' याला जपानीत 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु' म्हणतात. 'वाताशि' म्हणजे मी, 'मिझु' म्हणजे पाणी आणि 'नोमिमासु' म्हणजे पितो. उर्दू आणि मराठीप्रमाणे येथेही क्रियापद शेवटी येते. 'फुलंब्रीहून' म्हणायचे असेल, तर नावानंतर 'कारा' हा शब्द लावतात. उर्दूतला 'से' असाच नावानंतर येतो. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी 'का' येतो, अगदी मराठीसारखा! शिवाय मुलगा असो वा मुलगी, क्रियापद बदलत नाही.

अवघड आहे ती लिपी. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. त्यांचा क्रम आपल्या बाराखडीची आठवण करून देतो: का, कि, कु, के, को. परदेशी शब्द काताकानात लिहितात. जपानीत 'ल' नाही, म्हणून आपले गाव तेथे 'फुरांबुरि' होईल! तिसरी लिपी कांजी. तिच्यात चित्रासारखी चिन्हे असतात. जपानी मुलेही प्राथमिक शाळेच्या ६ वर्षांत १०२६ चिन्हे शिकतात. म्हणजे ती एका दिवसात कोणालाच येत नाही. उभ्या ओळींची जपानी पुस्तके तर उर्दू पुस्तकांप्रमाणे उजवीकडून उघडतात.

उच्चाराकडे मात्र लक्ष हवे. 'ओबासान' म्हणजे मावशी; पण 'बा' लांबवला की ती आजी होते!

नव्याने शिकणाऱ्याने रोज पाच अक्षरे लिहावीत, मोठ्याने वाचावीत आणि चुकले तरी बोलावे. मी त्या मुलाला एवढेच सांगितले, "गाडीवाटची मुले चुकत चुकतच शिकली."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "सर, मी आत येऊ का?"

वाक्य अचूक होते.

शब्दार्थ : परकी – अनोळखी, वेड – फार आवड, अचूक – चूक नसलेले

स्वाध्याय
१. गाडीवाटच्या मुलांनी जपानी भाषा का निवडली?
२. 'विषयमित्र' काय करत?
३. जपानी आणि मराठी यांतील दोन साम्ये लिहा.
४. मराठी बोलताना तुमची कोणती चूक होते? ती कशी सुधाराल?