मोटारीचा पडदा आणि टाकीतले पेट्रोल

आपल्या भागात गाडी विकत घ्यायची असो की भाड्याने ठरवायची असो, पहिला प्रश्न एकच असतो, "ॲव्हरेज किती देते?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ड्रायव्हर देत असे आणि ते त्याच्या वहीवरून देत असे. अलीकडच्या मोटारींत स्टिअरिंगसमोर एक लहानसा पडदा बसविलेला असतो. त्यावर दोन आकडे झळकतात. गाडी लिटरला किती किलोमीटर चालली हा एक, आणि टाकीत उरलेल्या तेलावर अजून किती किलोमीटर जाता येईल हा दुसरा. पहिला आकडा १९.४ असा दशांशापर्यंत दिसतो. दशांश चिन्ह दिसले की माणसाला ते गणित वाटते आणि गणित म्हटले की त्यावर विश्वास बसतो. हे आकडे कोठून येतात व त्यांवर किती विसंबावे, याचा विचार सदर लेखात आम्ही करीत आहोत.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. बोरी अरब, दारव्हा या पट्ट्यात कर्ज काढून गाडी घ्यायची व ती भाड्याने चालवायची, हा पोटापाण्याचा धंदा आहे. दर किलोमीटरमागे ठरतो. समजा, महिन्याला गाडी ३,००० किलोमीटर चालते. पडदा २० दाखवितो, पण गाडी प्रत्यक्षात १८.५ देते. पडद्याच्या हिशोबाने १५० लिटर तेल लागायला हवे, प्रत्यक्षात लागते १६२. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये कोठे गेले ते कळतच नाही. दुसऱ्या आकड्याचे तर विचारूच नका. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत पडदा "अजून ४० किलोमीटर" म्हणत असेल आणि वाटेतला पंप बंद असेल, तर त्या चाळिसाला किती किंमत द्यायची?

प्रथम पहिला आकडा पाहू. पुष्कळांची समजूत अशी की टाकीत कोठेतरी मीटर आहे आणि ते पेट्रोल मोजते. वस्तुतः तसे काही नसते. इंजिनावर देखरेख ठेवणारा एक छोटा संगणक असतो, मेकॅनिक मंडळी त्याला ईसीएम म्हणतात. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची तोंडे कधी आणि किती वेळ उघडायची हे तोच ठरवितो. एकेक फवारा सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता असतो. तोंड किती वेळ उघडे राहिले आणि नळीतला दाब किती होता, यावरून किती तेल गेले असावे याचा तो अंदाज बांधतो आणि असे हजारो अंदाज बेरजेस धरतो. नळाखाली बादली न ठेवता, तोटी किती मिनिटे उघडी होती यावरून पाणी मोजावे, तसला हा प्रकार आहे. तोटी नवी असेल व पाण्याचा जोर ठराविक असेल तोवर हिशोब बरोबर येतो. इंजेक्टरमध्ये कचरा बसला, तो झिजला किंवा मुळातच कारखान्यातून किंचित कमीजास्त निघाला, की अंदाज तेवढा चुकतो. कार्बोरेटरवर चालणाऱ्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या जमान्यात असा हिशोब करणे शक्यच नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरी बाजू अंतराची. चाकाचे किती फेरे झाले ते मोजून त्यास टायरच्या घेराने गुणले की अंतर निघते. हा घेर संगणकात एकदाच भरलेला असतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलावा असा दंडक आहे. म्हणजे टायरची त्रिज्या सहा-साडेसहा मिलिमीटरने कमी होते. मोटारीच्या चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटरच्या आसपास धरली तर हा फरक सुमारे दोन टक्के भरतो. गुळगुळीत झालेले चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारते, म्हणून गाडी ९८ किलोमीटर चालली तरी पडदा १०० म्हणतो आणि ॲव्हरेज आपोआप चांगले दिसते. हवा कमी असली तरी थोडेसे असेच होते. गंमत अशी की हवा कमी असताना गाडी तेल मात्र जास्त पिते.

मग हा आकडा एकूण किती चुकतो? अमेरिकेतील मोटारचालकांची जुनी संस्था ट्रिपल ए हिने आपल्या प्रयोगशाळेत गाड्या रोलरवर चालवून हे तपासले आहे. सरासरीने पडदा सुमारे २.३ टक्के चांगले ॲव्हरेज दाखवीत होता. मात्र सगळ्या गाड्या सारख्या नव्हत्या. एकीने ६.४ टक्के फुगवून सांगितले, तर दुसरीने उलट २.८ टक्के कमी सांगितले. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तेलाचा खर्च नोंदविणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि तिची चूक पाच टक्क्यांच्या आत असावी असा नियम आहे. म्हणजे शंभरात दोन-पाचाची चूक कायद्यानेही पोटात घातलेली आहे. आमच्या मते एवढ्यावरून पडद्याला खोटारडा ठरविणे बरोबर नाही. पण चूक बहुधा गाडीवाल्याला सुखावणाऱ्या बाजूलाच होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. पडद्यावरचे ॲव्हरेज ही एक गोष्ट आणि जाहिरातीतले ॲव्हरेज ही दुसरी. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा पुण्याच्या एआरएआय या संस्थेतील चाचणीचा असतो. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथे गाडी रस्त्यावर धावत नाही, एका जागी रोलरवर चालते. ठरवून दिलेल्या चढउतारी वेगाने तिला चालवितात, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच फुटपट्टीने मोजता याव्यात, हा त्या चाचणीचा हेतू होय. आपल्या रस्त्यावरचे खड्डे, गतिरोधक, बैलगाड्या आणि मे महिन्यातले विदर्भाचे ऊन त्या खोलीत येत नाही. युरोपातही असेच घडते. २०२१ मध्ये नोंदविलेल्या गाड्यांची माहिती गोळा केल्यावर असे आढळले की रस्त्यावरचा खर्च चाचणीतल्या खर्चापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी अधिक आहे. केरळातील त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये, जाहिरातीपेक्षा फार कमी ॲव्हरेज मिळाल्याच्या तक्रारीवर ग्राहकाला सुमारे तीन लाख रुपये भरपाई देवविली. तेव्हा पडद्याची चूक दोन-पाच टक्क्यांची, तर जाहिरातीची वीस किंवा त्याहून जास्त. कोणावर रागवायचे ते वाचकांनी ठरवावे.

विद्यार्थी मित्रांसाठी एक छोटे उदाहरण देतो, कारण येथे हुशार माणसेही फसतात. समजा, चढाच्या वाटेने जाताना गाडीने १६ चे ॲव्हरेज दिले आणि त्याच वाटेने परत येताना २४ चे. सरासरी किती? बहुतेक जण झटकन २० म्हणतील. आता एका बाजूचे अंतर ४८ किलोमीटर धरा. जाताना तेल लागले ३ लिटर, येताना २ लिटर. एकूण ९६ किलोमीटरला ५ लिटर, म्हणजे १९.२. किलोमीटरची बेरीज व लिटरची बेरीज वेगवेगळी करूनच भागाकार केला पाहिजे. युरोपात "१०० किलोमीटरला किती लिटर" असे उलटे मोजतात, त्यामुळे सारख्या अंतरांची सरासरी काढताना तेथे ही फसगत होत नाही. आपल्याकडे एसटीच्या आगारात गाडीगणिक डिझेलचा आणि किलोमीटरचा हिशोब लिहिला जातो, तोही बेरजांचाच.

आता "अजून किती किलोमीटर" या आकड्याकडे वळू. हा आकडा पहिल्याहून कितीतरी कच्चा आहे, कारण त्यात दोन अंदाजांचा गुणाकार आहे. टाकीत तेल किती, हा एक अंदाज आणि पुढे गाडी किती ॲव्हरेज देईल, हा दुसरा.

टाकीतले तेल तरंगत्या बोंडाने मोजतात. पाण्याच्या टाकीत नळ बंद करणारा प्लास्टिकचा गोळा असतो, त्याचाच हा भाऊबंद. तेल खाली गेले की बोंडाचा दांडा खाली येतो आणि काटा हलतो. पण मोटारीची टाकी चौकोनी डब्यासारखी नसते. सीटखाली जागा मिळेल तशी ती वाकडीतिकडी घडविलेली असते. वळणावर, चढावर तेल एका बाजूला जाते. काटा सारखा नाचू नये म्हणून संगणक त्याला मुद्दाम सावकाश हलवितो. टाकी गच्च भरल्यावर बराच वेळ काटा जागचा हलत नाही आणि अर्ध्याच्या खाली गेल्यावर भराभर उतरतो, असा अनुभव पुष्कळांना येतो, त्याचे कारण हेच.

पुढच्या ॲव्हरेजसाठी संगणक मागे पाहतो. नुकतेच जे किलोमीटर झाले त्यांवरून तो पुढचे ठरवितो. पुढे घाट आहे, गाडीत सहा माणसे बसणार आहेत किंवा एसी सुरू होणार आहे, हे साध्या मोटारीतल्या संगणकाला ठाऊक नसते. यवतमाळ शहर पठारावर, साधारण साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले आहे. तिकडून खाली उतरून आलेल्या गाडीचा पडदा खुशीत असतो व फुगलेला आकडा दाखवितो. तीच गाडी माणसे भरून परत चढाला लागली की आकडा रस्त्यापेक्षा वेगाने घसरतो. चढाचा हिशोब घालून पाहा. माणसांसह १,३०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढविण्यास सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल असतात, पण इंजिन त्यातली पाव भागच कामाला लावते, म्हणजे ८० लाख. तेव्हा केवळ उंचीपायी दीडशे मिलिलिटरच्या वर पेट्रोल जादा जाते. दीड लिटरच्या प्रवासात हा दहावा हिस्सा झाला.

शून्य दिसल्यावरही काही तेल उरते. पण किती उरते हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. शिवाय टाकीतला पंप तेलातच बुडून थंड राहतो, म्हणून कोरड्या टाकीवर गाडी ओढण्याची सवय महागात पडते. आम्ही असे सुचवू की पन्नासच्या खालचा आकडा वाचूच नये, थेट पंप गाठावा. रात्रीच्या गाडीसाठी तर अर्धी टाकी हीच रिकामी टाकी समजावी.

इथेनॉलचाही उल्लेख करणे भाग आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होईल असा अंदाज दिलेला आहे, तर या इंधनासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. ही घट पडद्यावर बहुतांशी दिसते, कारण तेल जास्त लागले की फवारेही लांबतात. तेव्हा ॲव्हरेज घसरले म्हणून लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये.

खरे ॲव्हरेज काढण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करावी, ट्रिपचा आकडा शून्यावर आणावा, गाडी नेहमीसारखी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा फुल करावी. किलोमीटर भागिले लिटर. मात्र नोझल दर वेळी नेमके एकाच जागी बंद होत नाही. अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. पाच लिटर भरून हिशोब केला तर ही चूक दहा टक्क्यांची होते, तीस लिटर भरल्यावर दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून एका फेरीवर विसंबू नये, चार-पाच फेऱ्यांच्या बेरजा घ्याव्यात. पंपाची शंका असल्यास तेथे पाच लिटरचे शिक्का मारलेले माप ठेवलेले असते, त्यात तेल भरून दाखवा असे म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, त्याहून जास्त असेल तर वैधमापन कार्यालयाकडे तक्रार करता येते. किलोमीटरचा काटा तपासण्यासाठी हमरस्त्यावरचे दगड आहेत किंवा मोबाइलमधला नकाशा आहे. पाच-सात किलोमीटरवर नव्हे, निदान पन्नासवर तुलना करावी. टायरची चूक पडद्यात असते तशीच या जुन्या रीतीतही शिरते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

विजेवरच्या गाड्यांत हाच प्रश्न अधिक टोकदार झाला आहे, कारण वाटेत तेलाचा डबा मागविता येत नाही. पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होणाऱ्या नेक्सॉन या विजेवरील गाडीचा चाचणीतला पल्ला ३१२ किलोमीटर होता. एका चार्जिंगमध्ये दोनशेही मिळत नाहीत अशी तक्रार एका ग्राहकाने केल्यावर मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने त्या गाडीचे अनुदान थांबविले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने या आदेशास स्थगिती दिली. कंपनीचे म्हणणे असे की पल्ला रस्ता, वेग, एसी आणि चालविण्याची पद्धत यांवर अवलंबून असतो, आणि ते शास्त्राला धरूनच होते. तरीही २०२४ मध्ये कर्व्ह ही गाडी बाजारात आणताना त्याच कंपनीने चाचणीतल्या ५८५ किलोमीटरच्या शेजारी "प्रत्यक्षात ४०० ते ४२५" असा दुसरा आकडाही छापला. हा दुसरा आकडा शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना मिळावा अशा बेताने काढलेला असतो आणि त्याला सी-७५ म्हणतात. पेट्रोल गाड्यांच्या जाहिरातीत मात्र एकच आकडा छापण्याची रीत चालू आहे.