बोटभर जाडीची पट्टी

द्वारका म्हटले की बाहेरगावच्या माणसाला श्रीकृष्ण आठवतो. नाशिककराला आठवते ती वाहतुकीची कोंडी. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी काही हटली नाही. या चौकाजवळच्या गल्लीतल्या एका गॅरेजात मध्यंतरी मी आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन बसत होतो. कारण माझा भाचा.

त्याने एक जुनी मारुती एस्टीम घेतली आहे. 1994 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा ती चार माणसांच्या कुटुंबाची ऐटबाज गाडी होती. पुढे तिचे हलके अंग आणि चपळ इंजिन पाहून शर्यतवाल्यांनी तिला उचलली. नाशिकला या वेडाचे नावीन्य नाही. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची फेरी इथे अनेकदा रंगली आहे. भाच्याने इंजिनची ताकद आधीच वाढवून घेतली होती. आता त्याला मोठे ब्रेक हवे होते. ताईने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘तू जा त्याच्याबरोबर. मला त्यातले काही कळत नाही, पण ब्रेकशी खेळ नको.’’

तिच्या भीतीला कारण होते. आम्ही लहान असताना वडिलांच्या गाडीतून कसारा घाट उतरत होतो आणि निम्म्या वाटेवर ब्रेकचे पेडल एकाएकी खाली गेले. वडिलांनी गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या मातीत घातली. पुढचा अर्धा तास चाकांतून जळका वास येत होता आणि आई एक शब्द बोलली नव्हती.

त्या काळच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम असत. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरकतो. पाय मात्र तेवढाच दाबलेला. शिवाय ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ताजे डॉट 3 ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी शोषलेले 140 अंशांनाच उकळू शकते. नळीत वाफ झाली की पेडल दाबून नुसती वाफच दबते.

इगतपुरीकडून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे 300 मीटर खाली उतरतो. चार माणसांसह बाराशे किलोची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर दहा-अकरा लिटर पाणी उकळेल. हंडाभर पाण्याची ही आच! इंजिनने आणि वाऱ्याने थोडी वाटून घेतली तर बरे, नाहीतर सगळी चाकांच्या माथी.

डिस्क ब्रेक इथे उपयोगी पडतो, कारण त्याची चकती उघड्या वाऱ्यात असते. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने 1902 साली तिचे पेटंट घेतले. पण 1953 साली जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर फ्रान्समधली ल मां ची 24 तासांची शर्यत जिंकली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. एस्टीमला पुढे डिस्क आहेतच. भाच्याला त्यांच्या जागी दुसऱ्या जड गाडीच्या मोठ्या चकत्या आणि कॅलिपर हवे होते. कॅलिपर म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा तुकडा.

गोम अशी की परक्या गाडीच्या कॅलिपरची भोके आपल्या गाडीच्या नकलवर, म्हणजे चाकामागच्या मजबूत तुकड्यावर, जुळत नाहीत. मग मध्ये एक पट्टी बनवावी लागते. दोन भोके गाडीकडची, दोन कॅलिपरची. हाच तो ॲडॉप्टर.

भाच्याने पट्टी आधीच आणली होती. कुठल्याशा कारखान्यातून कापून, छान काळा रंग देऊन. मिस्त्रींनी ती हातात घेतली, व्हर्नियर लावला, कॅलिपर बसवून चकती फिरवली आणि पट्टी बाकावर ठेवून दिली. ‘‘दोन मिलिमीटर बाहेर आहे.’’

‘‘वॉशर घालू की,’’ भाचा म्हणाला.

‘‘वॉशर नाही. दुसरी बनव.’’

मला हा हट्ट वाटला. रात्री घरी कागदावर हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. हजार किलोची गाडी कचकन थांबवताना बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो. त्यातल्या एका चाकाची फिरकी रोखायला कॅलिपरला सातशे-आठशे किलोचा ओढा सहन करावा लागतो. म्हणजे जवळजवळ अख्खी एस्टीम त्या बोटभर जाडीच्या पट्टीला आणि बोल्टांना लटकते. आणि पट्टी एका बाजूला सरकलेली असली तर पॅड तिरके झिजणार ते वेगळेच.

नवी पट्टी अंबडच्या एका मिलिंगवाल्याकडून पाच दिवसांनी आली. तोवर मिस्त्रींनी बाकीची विचारपूस केली. मोठ्या कॅलिपरला जास्त ऑइल लागते, तर जुना मास्टर सिलिंडर पुरेल का? पुढचे ब्रेक वाढवले, मागच्यांशी तोल राहील का? तेरा इंची चाक वर बसेल का? ते बसलेच नाही. चाकेही बदलावी लागली. असे बदल आरटीओच्या नजरेत कुठे बसतात हे आधी विचारून घे, असेही त्यांनी बजावले, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधने आहेत. एक गोष्ट त्यांनी भाच्याला तोंडावर सांगितली: ‘‘टायर जितका रस्ता धरेल तितकीच गाडी थांबेल. मोठ्या डिस्कने पहिला ब्रेक जास्त लागत नाही, दहावाही पहिल्यासारखाच लागतो.’’ त्याचा चेहरा थोडा पडला.

पट्टी बसली. 10.9 छापाचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळून मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

कागदपत्रे आणि शहरातली चाचणी उरकल्यावर एका रविवारी आम्ही तिघे कसारा घाट उतरलो. ताई मागे बसली होती, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. भाच्याने गिअर खालीच ठेवला होता, हे मी मुद्दाम पाहिले. पेडल शेवटपर्यंत वरच राहिले. खाली आल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि चाकाशी गुडघे टेकून टॉर्च मारला. मीही वाकलो. रेघा सरळ होत्या.

‘‘काय शोधताय दोघे?’’ ताईने काच खाली करून विचारले. ‘‘चहा मिळेल का इथे कुठे?’’