अबोल मुलाचें बोलणें



जें मूल बोलत नाहीं त्यास कांहीं कळतहि नाहीं, असा समज आपल्या घराघरांतून रूढ आहे. या समजामुळें जी हानि होते, तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

गर्भांत, जन्मसमयीं किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा झाली म्हणजे हालचालींवरील ताबा जातो. या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हातपाय ताठरतात किंवा इच्छेवांचून हलतात. ओठ, जीभ व श्वास यांचीहि तीच गत होते. उच्चार हें स्नायूंचेंच काम असल्यानें मनांतला शब्द मनांतच राहतो. कित्येक मुलांची बुद्धि मंद असते हें खरें. परंतु कित्येकांची शाबूत असते, आणि सांगण्याचें साधन दिल्याखेरीज तें कळावें कसें?

डब्लिन शहरीं १९३२ सालीं जन्मलेल्या क्रिस्टी ब्राउनचा केवळ डावा पायच त्याचें ऐकत असे. पांच वर्षांचा असतां त्यानें बहिणीचा खडू त्या पायाच्या बोटांत धरला. आईनें जमिनीवर एक अक्षर काढलें व त्याला तें गिरवावयास लावलें. पुढें तो लेखक व चित्रकार झाला. त्याचें आत्मचरित्र १९५४ सालीं प्रसिद्ध झालें.

प्रत्येक मुलाचा असा एखादा ‘डावा पाय’ शोधावा लागतो. नजर वर नेणें, मान वळविणें, मूठ मिटणें, यांपैकीं जी हालचाल त्यास हुकमी साधते ती ‘होय’ची खूण ठरवावी, दुसरी ‘नाहीं’ची. पुठ्ठ्यावर पाणी, भूक, दुखतें, खेळ अशीं चित्रें लावावींत. त्यांत ‘नको’चें चित्र अवश्य असावें, कारण ज्यास नकार देतां येत नाहीं, त्याच्या होकारालाहि अर्थ राहत नाहीं. चित्रांमुळें मूल बोलावयाचें टाळील, ही भीति निराधार आहे. उलट कित्येकांच्या वाचेस त्यांची मदतच होते.

मात्र सर्वांत कठीण काम आईबापांचेंच आहे. पाहुणा विचारतो, “बाळ, कसा आहेस?” आणि उत्तर देते आई. तिचा दोष नाहीं. कामाच्या घाईंत थांबावयास तिला सवड कोठली? तरीहि थांबावें. प्रश्न विचारून मनांत दहा अंक मोजावे. ताठरलेल्या देहास उत्तर देण्यास तेवढा वेळ लागतोच. पाहुण्यासहि सांगावें, “थांबा, तो सांगतो आहे.”