सांगूनसवरून

तपकीर गल्लीतून अप्पा बळवंत चौकाकडे येताना विजेच्या एका डब्यावर कायम एक कागद चिकटवलेला असतो. पावसाळ्यात तो गळून पडतो, त्याच्या जागी दुसरा येतो. खालचा फोन नंबर बदलतो, वरची ओळ मात्र तीच: ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.’ बुधवार पेठेत पुस्तकं घ्यायला, वायरी-दिवे घ्यायला, दगडूशेठच्या दर्शनाला रोज हजारो माणसं येतात. त्यांतलं कोण या कागदापाशी थांबतं, ते मी एकदा पाहिलं. पन्नाशीची एक बाई, हातात तुळशीबागेतल्या खरेदीची पिशवी. इकडंतिकडं बघून तिनं मोबाइल काढला, नंबरचा फोटो घेतला आणि गर्दीत मिसळून गेली. तिला हाक मारावी असं फार वाटलं. मारली नाही. तेव्हा सांगायचं राहून गेलं ते आता लिहिते आहे.

त्या ओळीतला घात ‘न सांगता’ या दोन शब्दांत आहे. दारू सोडवायला मदत करणारं डायसल्फिराम नावाचं खरंखुरं औषध आहे. दारू शरीरात गेली की तिचं आधी एका विषारी द्रव्यात रूपांतर होतं आणि मग ते द्रव्य मोडतं. डायसल्फिराम हे मोडणंच अडवतं. मग एका पेल्यातही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आपण हे औषध घेतो आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या भीतीनं दारूपासून लांब राहतो. ज्याला आमटीत कालवून दिलंय, तो नेहमीसारखा पितो. त्याचं हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून, त्याचा होकार घेऊनच ते सुरू करतात. आणि गल्लीतल्या पुडीत नेमकं काय आहे, हे तर पुडी विकणाराही सांगत नाही.

बुधवारातून नदी ओलांडून येरवड्याला गेलं की या ‘न सांगता’चं नेमकं उलटं टोक दिसतं. पुण्यात ‘येरवड्याला पाठवलं’ म्हटलं की एकतर तुरुंग, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं, पु. ल. देशपांड्यांच्या हस्ते. त्यामागची हकीकत महाराष्ट्रात अनेकांनी वाचलेली आहे, तरी पुन्हा सांगण्यासारखी आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरली. पन्नीवर पूड, खाली काडी, नळीनं ओढायचा धूर. काही दिवसांतच पोरगं त्यावाचून राहू शकेना. डॉ. अनिल अवचटांच्या ओळखीतलाच एक मुलगा तिच्या तावडीत सापडला, आणि अवचट या विषयाच्या मागं लागले. ते गर्दुल्ल्यांत जाऊन बसले, बोलले, आणि त्यांनी जे लिहिलं त्यातून ‘गर्द’ हे पुस्तक झालं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून न थांबता त्यांनी केंद्र काढण्यासाठी पैसा दिला. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, घरच्यांच्या सुनंदा, येरवड्याच्या त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. केंद्र उभं करण्याचं आणि चालवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

मुक्तांगणची ओळख करून देताना लोक बहुधा अवचटांचं नाव आधी घेतात. ते साहजिक आहे. त्यांची बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम हे सगळं त्या अंगणात रुजलेलं आहे. पण केंद्राचा स्वभाव घडवला तो सुनंदाताईंनी, असं माझं ठाम मत आहे. इथं दाखल झालेला माणूस ‘रुग्णमित्र’. बरे झालेल्यांतले अनेक जण पुढं इथंच कामाला लागले, समुपदेशक झाले. नवा आलेला जेव्हा म्हणतो, ‘तुम्हाला काय कळतंय माझं दुखणं,’ तेव्हा समोरचा शांतपणे सांगू शकतो की मी याच खाटेवर होतो. हा आधार पगारी शिस्तीतून येत नाही.

सुनंदाताईंची दुसरी मोठी देणगी म्हणजे ‘सहचरी’, रुग्णांच्या बायकांचा गट. नवरा पितो त्या घरात बायको वर्षानुवर्षं खोटं बोलत असते. ऑफिसात फोन करून ‘ताप आलाय’ म्हणते, सासरी झाकते, माहेरी झाकते, मुलांपासूनही झाकायला बघते. बाटल्या मोजता मोजता तिचं स्वतःचं जगणं थांबलेलं असतं. नवरा कोरडा होऊन परत आला तरी तिच्या मनातला पहारा उठत नाही. तो दहा मिनिटं उशिरा आला की तिचा श्वास अडकतो. तिला तिच्यासारख्या बायकांत बसून मोठ्यानं सांगता यावं, ‘हो, माझा नवरा व्यसनी आहे, आणि मी थकले आहे,’ यासाठी हा गट. १९९७ साली सुनंदाताई कॅन्सरनं गेल्या. पुढं त्यांची मुलगी, मानसशास्त्रज्ञ मुक्ता पुणतांबेकर, यांनी केंद्र सांभाळलं, आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही उभा राहिला. बाई पिते हे पुरुषाच्या पिण्यापेक्षा शंभर पट झाकलं जातं, बुधवारातल्या गल्ल्यांत काय आणि कोथरूडच्या सोसायट्यांत काय. स्त्रियांसाठी वेगळी जागा, वेगळा कर्मचारीवर्ग आहे की नाही, हे केंद्र निवडताना विचारायलाच हवं.

प्रत्येकाला मुक्तांगणमध्येच जागा मिळेल असं नाही, आणि केंद्रं तर गावोगावी निघाली आहेत. त्यांतलं बरं कुठलं?

माझ्या आत्यानं हा प्रश्न विचारलाच नाही, कारण तिला कुणी उसंत दिली नाही. फोनवर पलीकडून सांगितलं गेलं, ‘गाडी पाठवतो, चौघं येतील. त्याला काही बोलू नका, फक्त दार उघडं ठेवा.’ तिनं रात्री कडी काढून ठेवली. आत्तेभावाला झोपेतून उचलून नेलं. महिनाभर भेट नाही, फोन नाही. परत आला तेव्हा डोक्याचं मुंडण केलेलं होतं. त्या केंद्रात संडास धुवायची पाळी ही ‘थेरपी’ होती. तो काही महिने प्यायला नाही, हे खरं. पण आईशी बोललाही नाही, आणि प्यायला लागला तेव्हा कुठल्याच डॉक्टरकडे जायला तयार होईना. पुन्हा दार उघडं ठेवलं जाईल ही भीती त्याच्या मनातून गेली नाही.

हे बेकायदा आहे, हे आत्याला कुणी सांगितलं असतं तर! २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे मनोविकार त्यात धरलेले आहेत. मुंडणाची सक्ती करता येत नाही. स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात. काम बळजबरीनं करून घेता येत नाही, आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. साखळीनं बांधणं तर कुठल्याही परिस्थितीत नाही. भेटीचा, फोनचा हक्क रुग्णाला आहे. स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला दाखल करायचं, तर दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे आणि त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे. तेही सुरुवातीला ३० दिवसांपुरतंच. केंद्राची नोंदणी असायला हवी. तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा, आणि बघायला मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

त्याच्या पुढचा प्रश्न रात्रीचा आहे: रात्री दोन वाजता इथं डॉक्टर कोण असतो? वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यानं अचानक दारू थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणूस घामानं निथळतो, थरथरतो. वेळीच औषध आणि ब १ जीवनसत्त्व मिळालं नाही तर या अवस्थेत मृत्यूही येतो. गर्दच्या माणसाची ‘टर्की’ वेगळी: हाडं मोडल्यासारखं अंग दुखतं, जुलाब, उलट्या, झोप नाही. ते सहसा मारत नाही. धोका पुढं असतो. काही आठवडे कोरडा राहिलेला माणूस बाहेर येऊन जुन्याच मात्रेत पुन्हा घेतो, शरीराची सवय तोवर गेलेली असते, आणि तीच मात्रा जीव घेते. ही गोष्ट घरी जाण्याआधी रुग्णाला आणि घरच्यांना बसवून सांगणारं केंद्र मला चांगलं वाटतं.

शरीर धुऊन निघायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मुक्तांगणमधला निवास ३५ दिवसांचा, आणि त्यातला बराचसा काळ बोलण्यात जातो: गटात, समुपदेशकापाशी, घरच्यांसमोर. त्यानंतर खरं काम सुरू होतं, त्याला तिथं साधं नाव आहे, फॉलोअप. पुन्हा प्यायला तर ती ‘स्लिप’. हा मधुमेह-रक्तदाबासारखा उलटणारा आजार आहे, त्यामुळे शंभर टक्के हमी देणाऱ्याच्या पायऱ्या चढू नका. ‘स्लिप झाली तर काय कराल?’ एवढंच विचारा. ‘परत घेऊन या, आपण बघू,’ हे उत्तर हवं. घराजवळ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा भरते का, ते केंद्रानंच शोधून द्यायला हवं. तिथं फी नसते; १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना आपापली गोष्ट सांगितली, त्यातून ती चळवळ जन्मली.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी दर ३८ जणांत एकालाच कुठलेतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेल्या ३७ जणांच्या घरात कुणीतरी बाई त्या विजेच्या डब्यापाशी थांबलेली असणार.

मावशी, तुम्ही काढलेला तो फोटो पुसून टाका. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याच्यासमोर बसून हा नंबर लावा. आणि लावण्याआधी त्याला सांगा की मी फोन करते आहे.